अठ्ठावीस गोळ्या जास्त

माझं काम परत आलेल्या गोळ्या मोजण्याचं. औषध लिहून देणारे पुष्कळ असतात, पण दिलेलं औषध खरोखर पोटात गेलं का हे बघायला एक संशयी माणूस पगार देऊन ठेवावं लागतं. ते माणूस मी. निळ्या थाळीत बाटली उपडी करायची, चपट्या पट्टीने पाच-पाच गोळ्या बाजूला सरकवायच्या, आकडा लिहायचा आणि मग समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघायचं.

अकरा वर्षांत एक गोष्ट पक्की कळली. लोक डॉक्टरांना घाबरत नाहीत, मोजणीला घाबरतात. कोणी येताना बाहेरच्या कचऱ्याच्या डब्यात चार गोळ्या टाकून येतो, म्हणजे हिशोब जुळावा. कोणी सकाळी घाईघाईने तीन एकदम गिळतो. एका गृहस्थाने तर उरलेल्या गोळ्या हरवल्या म्हणून बाटलीत बायकोच्या रक्तदाबाच्या गोळ्या भरून आणल्या होत्या, रंग वेगळा असूनही. मी विचारलं तर म्हणाला, "उन्हाने उडाला असेल रंग." अशांना मी रागावत नाही. हिशोब कमी भरला की माणूस खोटं बोलतो, हे मी धरूनच चालते. पण हिशोब जास्त भरला तर काय धरून चालायचं, ते मला कोणी शिकवलं नव्हतं.

हा अभ्यास होता फुप्फुसांच्या औषधाचा. या आजारात फुप्फुसं हळूहळू राठ होत जातात, जुन्या स्पंजासारखी, आणि जिना चढताना माणसाला दर चौथ्या पायरीवर काहीतरी महत्त्वाचं आठवल्यासारखं थांबावं लागतं. नव्या औषधाने ही घसरण रोखता येते का, ते बघायचं होतं. निम्म्या बाटल्यांत खरं औषध, निम्म्यांत तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी. कोणाला कुठली मिळाली हे रुग्णाला माहीत नाही, डॉक्टरांना नाही, मला तर नाहीच. दूर कुठेतरी बसलेल्या एका संगणकाला तेवढं ठाऊक.

दर चार आठवड्यांनी, मंगळवारी, रुग्णाने यायचं. बाटलीत सत्तर गोळ्या. रोज दोन, म्हणजे अठ्ठावीस दिवसांच्या छप्पन्न. चौदा उरल्या पाहिजेत. नियम दोनच होते, पण कडक. शंभरातल्या ऐंशीहून कमी गोळ्या घेतल्याचं सलग दोन वेळा दिसलं, तर रुग्ण अभ्यासातून बाहेर. आणि फुंकण्याच्या तपासणीत श्वास सुरुवातीपेक्षा दहा टक्क्यांनी घटला, तर त्या रुग्णाला पुढे अंदाजपंचे ठेवायचं नाही. सरळ नाव लिहिलेली खऱ्या औषधाची बाटली द्यायची. तिला आम्ही उघडी बाटली म्हणायचो. ती फक्त आत असलेल्यांना. बाहेर गेलेल्याला नाही.

याच अभ्यासात दोन विहिणी होत्या.

एक मुलीची आई, बेकरीवाली. चाळीस वर्षं भट्टीपुढे काढलेली, आवाज असा की दारात आली की माझ्या थाळीतल्या गोळ्या हलाव्यात. दुसरी मुलाची आई, शाळेतून निवृत्त झालेल्या गणिताच्या बाई. त्या बोलायच्या कमी आणि बघायच्या जास्त. दोघींना एकच आजार निघाला तेव्हा दोन्ही घरांत कुजबूज झाली म्हणे. बेकरीवालीने ती एका वाक्यात मिटवली: "माझ्या छातीत मैदा, त्यांच्या छातीत खडू. पोरांनी लग्न जमवलं तेव्हा पत्रिकेऐवजी एक्स-रे बघायला हवे होते." डॉक्टरांनी परोपरीने सांगितलं की कारण मैदाही नाही आणि खडूही नाही, कारण अजून कोणालाच माहीत नाही. तिने ऐकून घेतलं आणि पुढच्या खेपेला तोच विनोद पुन्हा केला.

दोघींचं एकमेकींशी कधी पटलं नव्हतं, पण दोघी यायच्या मात्र एकाच रिक्षातून. बाकावर मध्ये एक पिशवी ठेवून बसायच्या.

"विहीणबाई, तुम्ही आज किती चाललात?" बेकरीवाली विचारायची. सहा मिनिटांत रुग्ण किती मीटर चालतो हे लांब बोळात दोन लाल शंकू ठेवून मोजतात, त्याबद्दल.

"तीनशे बारा."

"मी चारशे एकवीस."

"पळालात असाल. चालायला सांगितलं होतं."

या चालण्यावरूनच सगळं सुरू झालं. बेकरीवालीचे मीटर वाढत होते, बाईंचे घटत होते. त्यात तिसऱ्या महिन्यात बेकरीवालीच्या जिभेची चव गेली. "पाव खातेय की पुठ्ठा, कळत नाही," असं ती मला आनंदाने सांगायला लागली. आनंद अशासाठी की माहितीपत्रकात या औषधाचा त्रास म्हणून 'चव जाणे' असं छापलेलं होतं. बाईंना काहीच त्रास नव्हता. ना चव गेली, ना पोट बिघडलं. बेकरीवालीने मनाशी हिशोब मांडला: माझी खरी, त्यांची खोटी. मी तिला म्हटलं, असं ठरवता येत नाही, बिनऔषधाची गोळी खाऊनही लोकांची चव जाते. तिने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, जशी ती वजनात फसवू बघणाऱ्या पीठवाल्याकडे बघत असेल.

सहाव्या महिन्यात बाईंची बाटली उपडी केली आणि मी पट्टी खाली ठेवली. बेचाळीस.

पाच महिने या बाईंच्या बाटलीत चौदा उरल्या होत्या. तेरा नाही, पंधरा नाही. त्यांची रोजनिशी अशी की सकाळी आठ पाच, रात्री आठ दहा, शाई निळी, खाली रेघ. मी दोनदा मोजलं. शेजारच्या सहकाऱ्याकडून मोजून घेतलं. बेचाळीसच.

"बाई, अठ्ठावीस गोळ्या राहिल्यात तुमच्या."

"दिसतंय."

"विसरलात का?"

"मी रोज दोन घेतल्या. लिहिलंय तिथे."

"मग या कुठून आल्या?"

बाईंनी चष्मा काढून पुसला. "मोजणं तुमचं काम ना?"

मी वहीत लिहिलं: निम्म्या गोळ्या न घेतल्याचं आढळलं, पहिली ताकीद. आजाराने विसरायला लागल्या असतील, असं मनात म्हटलं, आणि त्या दिवशी त्यांच्यापाठोपाठ आलेल्या बेकरीवालीच्या बाटलीकडे नीट लक्षच दिलं नाही. चौदा उरल्या होत्या. शाबास म्हटलं आणि सही केली. तिथेच चुकलं माझं. ज्या बाईच्या कधी सतरा उरतात, कधी एकोणीस, कधी एक गोळी पिशवीच्या तळाशी बिस्किटाच्या चुऱ्यात सापडते, तिच्या बरोब्बर चौदा उरल्या तर शाबास म्हणायचं नसतं, खुर्ची ओढून बसायचं असतं.

पुढच्या मंगळवारी, म्हणजे चार आठवड्यांनी, बाई आल्या त्या दम लागलेल्याच. त्यांची फुंकण्याची तपासणी झाली, छातीचा सीटी स्कॅन झाला. डॉक्टरांनी पडद्यावर दाखवलं, फुप्फुसांच्या तळाला मधाच्या पोळ्यासारखी घरं पडली होती. बाई म्हणाल्या, "षट्कोन वाटत नाहीत. कंपासने काढलेले नाहीत." डॉक्टरांना हसावं की नाही ते कळेना. श्वास अकरा टक्क्यांनी घटला होता. म्हणजे नियमाने त्यांना उघडी बाटली मिळायला हवी होती, त्याच दिवशी. फक्त माझ्या खिडकीवरून 'हिशोब ठीक' अशी सही यायची बाकी होती.

मी बाटली उपडी केली. पाच, दहा, पंधरा. बेचाळीस.

दुसरी वेळ. बाहेर.

मी आत बोलावून खुर्ची दिली. दार लोटलं, पण आमचं दार पूर्ण लागत नाही, ही तक्रार मी तीन वर्षं करतेय.

"बाई, आज मी हा आकडा लिहिला तर तुम्हाला काढावं लागेल. उघडी बाटली मिळणार नाही. कळतंय ना?"

"कळतंय."

"मग सांगा ना काय झालं ते. चूक कधी इतकी गोल नसते हो. विसरणारा माणूस अकरा विसरतो, तेवीस विसरतो. दोन महिने मोजून अठ्ठावीस कोण विसरतं?"

त्या जरा हसल्या. वर्गातल्या ढ मुलाने अचानक बरोबर प्रश्न विचारावा तशा. मग म्हणाल्या, "मी रोज दोन घेतल्या. बाटलीत जास्त आहेत, हेही खरं. याहून जास्त मला सांगायचं नाही. तुम्ही तुमचा आकडा लिहा."

"तुमच्या जिवाचा प्रश्न आहे."

"म्हणूनच म्हणते, लिहा. दुसऱ्या कोणाला यात ओढायचं नाही."

दुसऱ्या कोणाला! हे दोन शब्द त्यांच्या तोंडून निसटले आणि त्यांच्या लक्षात आलं. त्या उठल्या, रोजनिशी पिशवीत घालायला लागल्या. शेवटची दोन पानं टाचणीने एकमेकांना लावलेली होती, ते मी तेव्हा बघितलं.

दार धाडकन उघडलं.

"काढताय यांना?" बेकरीवाली दारात उभी. दम लागलेला, तरी आवाज तोच. "कशाबद्दल काढताय?"

"विहीणबाई, तुम्ही बाहेर बसा," बाई म्हणाल्या.

"बसते बसते. आधी मला सांगा, जास्त गोळ्या कसल्या?" तिने थाळीकडे बघितलं. पाच-पाच गोळ्यांच्या आठ रांगा आणि वर दोन. हिशोबाला ती बाईंइतकीच पक्की, फक्त कागदावर मांडत नाही. तिचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. "तुम्ही... तुम्ही घेतल्याच नाहीत?"

बाईंनी पिशवी खांद्याला लावली.

"दोन महिने! दोन महिने मी सकाळची एक घेत होते आणि रात्रीची कागदात बांधून ठेवत होते. दर शनिवारी लेकीच्या हाताने सात-सात पाठवल्या, व्हिटॅमिन आहेत म्हणून सांगितलं तिला. तुम्हाला फोन करून बजावलं, तुमच्या दोन घ्या आणि वर माझी एक. 'घेते' म्हणालात ना? मी इथे अर्धपोटी राहिले औषधाची, आणि तुम्ही त्या बाटलीत भरत होतात? बरणी आहे ती?"

"मग काय करायला हवं होतं?" बाई पहिल्यांदाच चढ्या आवाजात बोलल्या, आणि लगेच खोकल्या. पाणी दिलं. "परत पाठवल्या असत्या तर तुम्ही घेतल्या असत्यात? तुम्हाला नाही म्हटलेलं चालतं का कधी? फेकून देववेना. घरात इकडेतिकडे ठेवल्या तर नातीच्या हाताला लागतील. यांनीच सांगितलंय," माझ्याकडे बोट, "उरलेली प्रत्येक गोळी बाटलीत घालून परत आणायची. आणली."

"पण घेतल्या का नाहीत?"

"तुमची घेऊन मी चालायचं, म्हणजे तुम्ही बसायचं. असलं गणित मी शिकवत नाही."

बेकरीवाली खुर्चीवर बसली. मला वाटलं रडेल. तिने पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "उगाच नाही मुलांना तुमची भीती वाटायची."

मी हळूच विचारलं, "चव कशी आहे हो आता तुमची?"

"आली परत," ती पडेल आवाजात म्हणाली. "महिना झाला. मला वाटलं, चला, काहीतरी पोचतंय तिकडे."

मग बाईंनी रोजनिशीची टाचणी काढली. आतल्या पानांवर त्याच निळ्या शाईत आठ ओळी होत्या. तारीख, शनिवार, 'विहीणबाईंकडून सात, बाटलीत टाकल्या, घेतल्या नाहीत.' आठही वेळा तेच. या बाईला हिशोब लपवता येत होता, पण न लिहिता राहता येत नव्हतं.

मी तिघींसाठी डॉक्टरांना बोलावलं. तिसरी मी, कारण पहिल्या महिन्याला 'शाबास' म्हणणारी मीच. डॉक्टर तरुण होत्या, नियमाला घट्ट, मनाने मऊ. त्यांनी पानं वाचली, थाळी बघितली, मुख्य कार्यालयाला फोन लावला. तिकडचा माणूस आधी म्हणाला, असं कलम नाही. डॉक्टर म्हणाल्या, माणसं कलमं वाचून वागत नाहीत. मग तो म्हणाला, कागद पाठवा, तासाभरात कळवतो.

तो तास दोघी बाकावर बसून होत्या. मी खिडकीतून मोजणी करत होते, म्हणजे करत असल्यासारखं दाखवत होते. दोघींच्या मधली पिशवी आज खाली ठेवलेली होती. एकदाच बेकरीवाली म्हणाली, "ते चित्र बघितलं मी आत पडद्यावर. तुमच्या छातीचं. बिघडलेल्या पावासारखं दिसतं. खमीर जास्त झालं की अशी भोकं पडतात."

"उपाय?"

"पावाला नसतो," ती म्हणाली, आणि मग घाईने, "पण तुम्ही काय पाव आहात?"

फोन आला. बाईंच्या बेचाळीसातून त्या अठ्ठावीस वजा करायच्या, राहिल्या चौदा, दोन्ही महिन्यांना. रोज दोन घेतल्या हे मान्य. ताकीद रद्द. उघडी बाटली द्यावी.

मी श्वास सोडेपर्यंत डॉक्टरांनी फोनवर हात ठेवून माझ्याकडे बघितलं, आणि मला पुढचं कळलं. वजा केलेल्या अठ्ठावीस कुठेतरी मांडाव्याच लागतात. एकीकडचे उणे गेले की दुसरीकडे येतात. बेकरीवालीने दोन महिने निम्म्याच गोळ्या घेतल्या होत्या. सलग दोन वेळा. ऐंशीच्या खाली.

डॉक्टरांनी तिला सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात ती म्हणाली, "माहीत आहे मला. तुमचं ते पत्रक मीही वाचलंय. थाळी बघितली तेव्हाच हिशोब झाला होता माझा."

"मग बोललात कशाला?" बाईंनी विचारलं. आवाज बारीक झाला होता.

"दारात उभी राहून तुमचं ते 'लिहा लिहा' ऐकवेना." मग माझ्याकडे वळून, "बरं, माझी ती खरी होती का खोटी? आता तर सांगाल? मी बाहेरच आहे ना?"

नाही सांगता येत. सगळा अभ्यास संपेपर्यंत कोणालाच कळत नाही. दीड वर्ष तरी. ती म्हणाली, "म्हणजे मी खरी दिली की पिठाची, तेही कळायचं नाही. वा! दान करावं तर असं."

डॉक्टरांनी तिला समजावून सांगितलं. अभ्यासाबाहेर म्हणजे दवाखान्याबाहेर नाही. बाजारात मिळणारं जुनं औषध सुरू करू, स्कॅन होत राहतील, श्वास तपासत राहू. नवं औषध मात्र नाही. तिने सगळ्याला मान हलवली. दुकानात उधार मागणाऱ्याचं ऐकून घ्यावं तशी.

बाईंना उघडी बाटली दिली. झाकणावर औषधाचं नाव, खाली त्यांचा क्रमांक. त्यांनी ती हातात घेतली आणि टेबलावर ठेवून दिली.

"मला विचार करायचाय."

"कसला विचार?" बेकरीवाली कडाडली. "आत्ता घ्या. माझ्यासमोर घ्या. नाहीतर मी बाहेर पडले ते फुकट. बारा वर्षं मुलीची आई म्हणून तुमचं सगळं ऐकून घेतलं मी. लग्नात तुमच्या भावाला खुर्ची मिळाली नाही, ते अजून ऐकतेय. आज एकदा माझं ऐका."

"ती खुर्ची खरंच नव्हती मिळाली."

"नव्हती. चूक झाली. घ्या गोळी."

बाईंनी घेतली. पाणी घशाखाली उतरेपर्यंत बेकरीवाली त्यांच्या गळ्याकडे बघत होती.

उरलं कागदाचं. अभ्यासातून बाहेर काढताना एक अर्ज भरावा लागतो. कारणासमोर तीन चौकटी: औषधाचा त्रास, स्वतःची इच्छा, नियमभंग. बेकरीवाली म्हणाली, "ताई, 'स्वतःची इच्छा' वर खूण करा ना. बरं दिसतं. नियमभंग म्हणजे काय चोरटी आहे मी?"

मला करावंसं वाटलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा. हात चौकटीच्या वर गेलासुद्धा.

"नियमभंगावरच करा," बाई म्हणाल्या. "खरं तेच लिहा. खाली तपशिलाला जागा आहे ना? ती कोरी सोडू नका. मी सांगते."

त्यांनी सांगितलं, मी लिहिलं: 'रुग्णाने दोन महिने स्वतःची रोजची एक गोळी दुसऱ्या रुग्णाला दिली. हेतू दुसऱ्या रुग्णाचा जीव वाचवण्याचा. दुसऱ्या रुग्णाने ती घेतली नाही, हे या रुग्णाला माहीत नव्हतं. काढून टाकलं जाईल हे ठाऊक असूनही या रुग्णाने स्वतः येऊन सांगितलं.'

बेकरीवालीने चष्मा लावून वाचलं. बराच वेळ लावला, चार ओळींना. "हा तर माझ्या मूर्खपणाचा दाखला झाला."

"सही करा," बाई म्हणाल्या. "अक्षर नीट काढा."

तिने सही केली. मग डॉक्टरांनी पुढच्या तारखा काढल्या. अभ्यासातल्यांचा मंगळवार, बाहेरच्यांचा गुरुवार. बेकरीवाली म्हणाली, "मलाही मंगळवार द्या."

"गुरुवारी गर्दी कमी असते," डॉक्टर म्हणाल्या. "तुम्हालाच बरं."

"गर्दीचं मी बघते. मंगळवार द्या. या गोळ्या पोटात घालतात की पुन्हा बाटलीत, ते कोण बघणार? तुमच्या या ताई? त्यांना दोन महिने लागले."

मी निळी थाळी पुसायला घेतली.

"आणि मी मंगळवारी एकटी रिक्षाने यायची?" बाई डॉक्टरांना म्हणाल्या. "मंगळवारच द्या त्यांना."

डॉक्टरांनी गुरुवार खोडून मंगळवार लिहिला. सकाळी साडेनऊ, दोघींना.